तंकप्पनने न उतरवलेली माळ

तंकप्पन हे त्याचं खरं नाव नाही. ज्या माणसांत तो आता गुरुवारी बसतो, तिथलं नाव बाहेर सांगत नाहीत. हे लिहितेय ते त्याला विचारूनच. मला तो अम्मच्ची, म्हणजे आई, म्हणतो. म्हणाला, "लिहा अम्मच्ची, पण मला जरा उंच दाखवा." तर तंकप्पन उंच होता.

आमची रबराची झाडं तोच चिरायचा. पहाटे कपाळाला दिवा बांधून सालीवर सुरी ओढायची, करवंटीत चीक ठिबकू द्यायचा. सुरी खोल गेली की झाड तिथे कायमची गाठ धरतं. त्याचा हात फार हलका. पुढे मात्र सकाळचा दारूचा पेला पोटात गेल्याशिवाय हाताची थरथर थांबेना, आणि एक पेला गेला की बाकीचे त्याच्या मागून यायचे. ओढ्याकाठच्या झाडांना जखमा दिसल्या, तेव्हा म्हणाला, "रानडुकरं अंग घासतात हो."

"सुरी घेऊन?" मी विचारलं.

पण शबरीमलेचं व्रत लागलं, गळ्यात माळ पडली, काळं मुंडू नेसलं, की हाच माणूस दारूचं नाव काढायचा नाही. बायको पोन्नम्मा मासळीची भांडी माळ्यावर टाकी आणि न्हाऊनच चुलीपाशी जाई. माळ घातलेल्याला नावाने हाक मारत नाहीत, म्हणून आम्ही ख्रिस्तीसुद्धा त्याला 'स्वामी' म्हणायचो. डोंगरावरून परतून देवळात माळ उतरवली, की संध्याकाळी स्वामी दारूच्या दुकानासमोरच्या रांगेत. पोन्नम्मा म्हणे, "अय्यप्पा मला नवरा वापरायला देतो आणि परत नेतो."

एका वर्षी मात्र त्याने माळ उतरवलीच नाही. माळ आहे तोवर आपण पीत नाही, मग राहू दे की गळ्यात, असा त्याचा विचार. माळ घालणारे गुरुस्वामी रागावले, तरी ऐकेना. पोन्नम्मा इतकी हरखली की मासळीची भांडी खाली काढायचीच विसरली.

मग उन्हाळा आला. झाडांचा चीक आटला, चिरायचं काम थांबलं, हात रिकामे झाले.

एका दुपारी मी मागच्या अंगणात टॅपिओकाचे कंद सोलत होते, तर हा समोर येऊन उभा. मान खाली.

"अम्मच्ची, तुमच्या चर्चमधले अच्चन पापं ऐकतात ना? हिंदूचं ऐकतील?"

"कुणाचा जीव घेतलास?"

"माळ घालून प्यायलो."

माझी सुरी थांबली. दारू प्यायलेला तंकप्पन मी पुष्कळ पाहिला होता, असा कधी नाही. "पोन्नम्माला ठाऊक आहे?"

"नाही. वाढताना अजून स्वामी म्हणते. घास गिळवत नाही मला."

मी त्याला आमच्या पाद्र्यांकडे, अच्चनकडे, घेऊन गेले. अच्चन तरुण, पण समजूतदार. म्हणाले, "तुझ्या देवाच्या वतीने मी कशी क्षमा करू? गुरुवारी ये. मुलांच्या धर्मशिक्षणाच्या खोलीत दारू सोडलेली माणसं बसतात. तिथे मीसुद्धा जात नाही, त्यांचं ते बघतात."

याला वाटलं, धर्म बदलायला बोलावतायत. मलाच बरोबर ओढलं. त्या दिवशी घरच्यांनाही बसू देत होते. मी म्हटलं, मी याच्या झाडांची मालकीण, चालेल का? हसून जागा दिली.

मुलांच्या बुटक्या बाकांवर मोठी माणसं गुडघे छातीशी घेऊन बसलेली. हातात काळा चहा. एकेक जण नाव सांगे, मी दारुडा म्हणे, आपलं बोले. तंकप्पनची पाळी आली. त्याने चहाचा ग्लास खाली ठेवला. मग एका दमात, "मी माळ घालून प्यायलो."

छप्पर कोसळेल असं वाटलं असावं त्याला. एका बस कंडक्टरने शांतपणे विचारलं, "तेव्हा माळ कुठे होती?"

"पाठीवर फिरवली होती. देवाला समोरचं दिसू नये म्हणून."

सगळी खोली हसली. तोही हसला आणि हसता हसता रडायला लागला.

एक म्हातारे गृहस्थ पूर्वी कुठल्याशा चर्चमध्ये सेवक होते. ते म्हणाले, "पोरा, मी वेदीवरचा द्राक्षारस पिऊन बाटलीत पाणी भरायचो. अच्चन लोकांसमोर पाण्याचा प्याला उचलायचे."

"मग?"

"मग एक दिवस त्यांना सांगितलं. पाप काही गेलं नाही. पण ते लपवायला पुन्हा प्यावं लागेना."

निघताना तंकप्पन म्हणाला, "माळ काढली तर मला धरून कोण ठेवणार?"

"माळेने ठेवलं का?" कंडक्टर म्हणाला आणि त्याला आपला फोन नंबर दिला.

घरी पोन्नम्मा तांदूळ धूत होती. मी कुंपणाशीच थांबले. त्याने सांगितलं. तिने हात थांबवला नाही.

"ठाऊक आहे. माळ तुमच्या गळ्यात होती, माझ्या नाकात नव्हती."

"मग स्वामी का म्हणत होतीस?"

"कधीतरी लाज वाटून सांगाल म्हणून."

सकाळी देवळात जाऊन त्याने माळ उतरवली. संध्याकाळी, रांगेत उभं राहायच्या वेळेला, घाम फुटला, तसा कंडक्टरला फोन केला. कामाच्या खाकी कपड्यांतच तो आला आणि दुकान बंद व्हायच्या वेळेपर्यंत ओसरीवर बसला. दोघं रबराच्या भावावर आणि बसच्या ब्रेकवर बोलत राहिले. पोन्नम्माने दोघांना जेवायला वाढलं. नवऱ्याला तिने स्वामी म्हटलं नाही, अहोही म्हटलं नाही. तो मान वर करून तिच्याकडे बघू शकला नाही.

कंडक्टर चपला घालत होता, तेव्हा ती त्यालाच म्हणाली, "गुरुवारी यांना न्यायला याल ना? एकटे गेले तर वाटेत दुकान लागतं."