डॉमिंगोच्या वाट्याची चरबी

फ्रान्सिस्काचा नवरा डॉमिंगो जिभेचा हट्टी माणूस. कट्टा गावच्या बाजारात त्याचं शिंप्याचं दुकान होतं. रविवारी चर्चमधली मीस, म्हणजे प्रार्थना, आटोपली की पावलं मटणाच्या दुकानाकडे वळायची आणि "चरबी घाल रे वायच" हे तो सांगणारच. मग हृदयाचं दुखणं निघालं. डॉक्टरांनी चरबी बंद केली आणि फ्रान्सिस्कानं ते देवाज्ञेसारखं पाळलं. त्याच्या ताटातली चरबी ती बोटांनी वेचून काढायची. तो म्हणायचा, "एक तुकडो दी गो." तिनं कधीच दिला नाही. तरीही तो गेलाच.

ते तिला आतून खात राहिलं. म्हणून तो गेल्याला वर्ष होईल त्या दिवशीच्या मीसेनंतर त्याच्या नावानं वाडीला जेवण घालायचं आणि बोकड घरचाच, चांगला चरबीदार असायला हवा, हे तिनं मनाशी पक्कं केलं.

मटण विकणारा दत्ताराम डॉमिंगोचा जुना दोस्त. तो सांगून गेला होता, "खोबऱ्याची पेंड घाला, वयनी. चरबी पांढरी नि घट्ट धरता." पेंड ती घालतच होती, पण बोकड काही अंग धरीना आणि बाईचा धीर सुटला. तारली मासळीचे दिवस होते. चरबी धरलेली तारली खाऊन पोरं बाळसं धरतात हे ती लहानपणापासून बघत आलेली. मग बोकडाचं काय वेगळं? होड्यांना लावतात ते तारल्यांचं तेल आणून ती रोज पेंडीत ओतू लागली, अगदी शेवटच्या दिवसापर्यंत. अहो, कुणाला विचारायचं तरी! बोकड मात्र असा चकाकू लागला की येणारा-जाणारा थांबून बघायचा आणि ती सुखावायची.

जेवणाच्या सकाळी दत्तारामानं बोकड सोलला आणि त्याचा हात थांबला. चरबी पिवळट होती आणि बोटांना तेलासारखी लागत होती. त्यानं ती नाकाशी नेली.

"वयनी, ह्येका खावक काय घातलात?"

"तारल्यांचा तेल."

त्यानं बोटं फडक्याला पुसली. "म्हयनोभर आधी बंद करूक व्हया होता. सगळो वास चरबीत बसलोहा. ती काढून टाकली तर मटण चलात."

दत्ताराम सुरी उचलणार तेवढ्यात फ्रान्सिस्कानं मटणाची परात स्वतःपुढे ओढली आणि बोटांनी चरबी वेचू लागली. वर्षभरापूर्वी वेचायची तशीच. सवयीनं बोटं भराभर चालली आणि तेच तिला सोसवेना. ती ढसाढसा रडली.

"जितो आसताना दिलंय नाय," ती म्हणाली, "आता पण माझ्याच हातान काढतंय."

दुपारी वाडी जेवली. मटण कोरडं झालं होतं, पण कुणी नाव ठेवलं नाही.

सगळे गेल्यावर तिनं बाजूला ठेवलेला चरबीचा एक तुकडा निखाऱ्यावर भाजला. घरभर तारल्यांचा वास सुटला. डॉमिंगोच्या खुर्चीत बसून तिनं तो तोंडात घातला आणि शेवटपर्यंत चावून खाल्ला.

"घे," ती म्हणाली. "आता अडवूचंय नाय."