दाजींनी बसवलेले पत्रे

तळवड्याला आमचं दोन खोल्यांचं बैठं घर आहे. भिंती पक्क्या, वर सिमेंटचे पत्रे. ते पत्रे जुने झाले होते, तडे गेले होते, आणि माकडं नाचली की घरात भुगा पडायचा. मार्चमध्ये नवऱ्याने ठरवलं की या वर्षी पत्रे बदलायचेच. रंगीत लोखंडी पत्रे टाकू, खाली लोखंडी सांगाडा नवा करू, एकदाची कटकट मिटेल.

काम कोणाला द्यायचं हे मात्र सासऱ्यांनी ठरवलं. माझ्या नणंदेचा नवरा, आम्ही सगळे त्यांना दाजी म्हणतो, चाकणच्या एका कंपनीत कंत्राटावर होते. कंत्राट संपलं आणि त्यांना घरी बसवलं. मग त्यांनी वेल्डिंगचं मशीन घेतलं आणि ग्रील, जिने, दारं अशी कामं धरायला सुरुवात केली. सासऱ्यांना अर्धांगवायू झालेला, डावी बाजू गेलेली, बोलणं जड झालेलं. तरी त्यांनी नवऱ्याला जवळ बसवून सांगितलं की काम घरातल्या माणसालाच दे, त्याला आता कामाची गरज आहे. नवऱ्याने काम दाजींनाच दिलं. वडील आजारी पडल्यापासून तो त्यांच्या शब्दाबाहेर जात नाही.

दाजींनी मन लावून काम केलं, हे मला सांगितलंच पाहिजे. ऊन डोक्यावर असताना ते वर बसून स्क्रू मारायचे, अंगातला शर्ट घामाने पांढरा व्हायचा. खोली हवेशीर व्हावी म्हणून त्यांनी समोरची बाजू उंच करायच्या ऐवजी, पाणी जिकडे उतरतं ती मागची बाजू उचलून घेतली. घर खरंच मोठं वाटायला लागलं. निळे पत्रे, नवा पंखा. नणंद पोरांना घेऊन बघायला आली, वर बघत राहिली. ग्रील, दारं अशी कामं त्यांनी केली होती. आख्खं छप्पर हे पहिलंच होतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

जूनमध्ये गळायला लागलं. आधी स्वयंपाकाच्या ओट्यावर, मग पंख्याच्या दांडीवरून. पंखा बंद ठेवला. दाजींना फोन केला तर ते लगेच आले, फटी बुजवायच्या सिलिकॉनची नळी घेऊन वर चढले, प्रत्येक स्क्रूभोवती लावलं. दोन सरी कोरड्या गेल्या. तिसऱ्या सरीला पाणी दुसरीकडून आलं. ते परत आले, जोडावर डांबरी पट्टी चिकटवली. मग पाणी भिंतीतून उतरायला लागलं. त्यांनी एक जागा बंद केली की पाणी नवी शोधायचं. दर वेळी ते जाताना म्हणायचे, "वहिनी, आता पाणी नाही येणार." पुढे पुढे ते हे म्हणेनासे झाले.

सासऱ्यांची खाट आम्ही खोलीभर फिरवली. एका कोपऱ्यात गळत नव्हतं, पण तिथे कपाट. कपाट काढलं, खाट तिथे लावली. आठवडाभर बरं गेलं. एका दुपारी मी भांडी घासून आत आले तर त्यांच्या उशीचा अभ्रा ओला होता, कपाळावर पाणी होतं, आणि वरून थेंब पडताना मला स्पष्ट दिसला. त्यांचा एकच हात चालतो, उजवा. त्या हाताने ते कपाळ पुसत होते. मी म्हटलं, बाबा, हाक का नाही मारली?

"पाणी न्हाई बाई," ते म्हणाले. "घाम हाय."

बाहेर गार वारा सुटला होता. मी उशी बदलली आणि खाट ओढायला गेले, पण एकटीने ती हलेना. मग छत्री उघडली आणि खाटेच्या दांड्याला त्यांच्या डोक्यावर येईल अशी बांधली. नवरा कंपनीच्या बसने येईपर्यंत ते त्या छत्रीखाली पडून होते.

त्या आठवड्यात नवऱ्याने चिखलीच्या एका दुसऱ्या कारागिराला बोलावलं. तो वर जाऊन आला आणि म्हणाला की उतार फार कमी ठेवलाय, पाणी पत्र्यावरच थांबतं. स्क्रू पत्र्याच्या उंच भागावर मारायला हवे होते, ते खोलगट भागात मारलेत. आता सगळं उघडून सांगाड्यापासून करावं लागेल, आणि ते पावसात होत नाही. एवढं सांगून तो गेला. पण या धंद्यातले लोक एकमेकांना ओळखतात. कोणीतरी पत्र्याच्या दुकानात दाजींना हसून विचारलं, काय राव, मेहुण्याचंच घर गळवलं का.

राखी पौर्णिमेला नणंद एकटीच आली. भावाला ओवाळलं, राखी बांधली. बाहेर पाऊस होता आणि घरात ठिकठिकाणी पातेली, डबे. एक पातेलं भरलं तेव्हा ती उठली, मोरीत रिकामं केलं आणि परत जागेवर ठेवलं. जायला निघाली तेव्हा दारात थांबून भावाला म्हणाली, "दादा, दुसऱ्याला नको देऊ. मग त्यांना कोणीच काम देणार नाही. त्यांना झोप येत नाही रे."

नवरा मान खाली घालून उभा होता. ती रिक्षात बसल्यावर मला म्हणाला, मी आता काय करू ते तू सांग. माझ्या मनात राग होता, पण तो कोणावर काढायचा? ज्यांच्या अंगावर पाणी पडत होतं, तेच घाम म्हणत होते.

आम्ही वर ताडपत्री टाकली, विटा ठेवल्या. वाऱ्याने ती फाटली. शेवटी मोठे दीर येऊन सासऱ्यांना देहूरोडला त्यांच्या घरी घेऊन गेले, तिथे स्लॅब आहे. सासऱ्यांना जायचं नव्हतं. त्यांना गाडीकडे नेताना त्यांनी दाराची चौकट उजव्या हाताने धरून ठेवली होती. दिरांनी हळूच एकेक बोट सोडवलं.

दसरा झाल्यावर दाजी आले. कोणी बोलावलं नव्हतं. त्यांनी सगळे पत्रे उतरवले, मागची बाजू खाली घेतली, सांगाडा कापून परत जोडला. जुन्या भोकांवर ठिगळं मारली. या वेळी ते जेवायलाही थांबत नव्हते, डबा आणायचे. काम झाल्यावर म्हणाले की पाणी मारून बघू. नवऱ्याने टाकीला पाइप लावला आणि वर दिला. मी आत उभी राहून वर बघत होते. पत्र्यावर पाण्याचा आवाज सुरू झाला. बराच वेळ काहीच नाही. मला वाटलं, झालं.

मग खिडकीच्या वरच्या जोडावर एक ओली रेघ दिसली. ती हळूहळू जाड झाली आणि तिच्या टोकाला थेंब लोंबला.

वरून दाजींनी विचारलं, "वहिनी, आहे का?"

मी उत्तर द्यायच्या आधी थेंब पडला. मी आहे म्हटलं. नवऱ्याने नळ बंद केला. दाजी शिडीवरून खाली उतरले, आत आले, तिथे उभे राहून वर बघत राहिले. मी चहा टाकला. त्यांनी तो उभ्यानेच घेतला, कप मोरीत ठेवला आणि उद्या सिलिकॉन घेऊन येतो म्हणाले.

सासरे अजून देहूरोडलाच आहेत. रविवारी भेटायला गेलं की ते नवऱ्याचा हात धरतात आणि घरी कधी नेणार म्हणून विचारतात. नवरा म्हणतो, पुढचा एक पावसाळा जाऊ द्या बाबा, मग बघू.