डबा-शोध मंडळाचे अध्यक्ष

शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत असं एकही लग्न झालं नसेल ज्यात आमच्या मामेसासऱ्यांची सतरंजी अंथरली गेली नाही, आणि असंही एखादं झालं नसेल ज्यात ते स्वतः पंगतीला नीट बसून जेवले. त्यांचा मंडपाचा धंदा. नवरदेव यायच्या आधी यांचं सामान दारात, आणि वरात गेल्यावर बुंदीच्या रिकाम्या पराती गोळा करत हे एकटेच मागे. स्वतः मात्र बिनलग्नाचे. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा धीर करून त्यांना कारण विचारलं होतं. "आसं हाय सूनबाई," ते म्हणाले, "लगीनसराईत लोकांचे मांडव घालायचे, आन् आपल्याला सवड मिळंपतुर मुहूर्त संपलेले. मग मी लगीन करायचं कवा?" मी शाळेत गणित शिकवते, पण या हिशेबात मला आजवर चूक काढता आलेली नाही.

आम्ही राहतो तळेगाव ढमढेऱ्यात आणि मामा नदीपलीकडे राहू गावात. हमरस्त्याच्या कडेने लॉन्स आणि एसी कार्यालयं उगवली तसा मामांचा धंदा बसला. वासे, कनाती, जनरेटर, सगळं त्यांनी विकून टाकलं. स्वयंपाकाची भांडी तेवढी विकायला त्यांचा जीव होईना. परिणाम असा की घरात माणूस एक आणि भांडी शंभर पानांची. मामा एकट्यापुरता चहा टाकायचे तो अशा पातेल्यात की दूध तळाला पुरायचं नाही. पातेलं तिरकं धरून ते एका बाजूला गोळा करावं लागायचं. पिठलं केलं तर कढईच्या बुडाशी डबकं साचल्यासारखं दिसायचं. मी एकदा त्यांना दोन लहान पातेली नेऊन दिली. त्यांनी ती कौतुकाने फळीवर मांडली आणि चहा पुन्हा त्या हंड्याएवढ्या पातेल्यातच टाकला. "बारक्या भांड्यात केलं की एकट्याचंच व्हतं," म्हणाले. त्यामुळे ते नेहमीच जास्त करत आणि मग खाणारं माणूस शोधत रस्त्यावर उभे राहत. बियाणंवाला, पोस्टमन, रस्ता चुकलेला ट्रकवाला, कुणीही चाले. सोसायटीच्या निवडणुकीत दोन्ही पॅनेलचे उमेदवार एकाच वेळी मत मागायला आले, तेव्हा मामांनी दोघांना एकाच सतरंजीवर बसवून वांग्याची भाजी वाढली. दोघंही मुकाट्याने जेवले आणि एकमेकांना मीठ देऊन गेले. मत मामांनी कुणाला दिलं ते त्यांनी अजून सांगितलेलं नाही.

अशा घरात माडीवर भाडेकरू म्हणून बँकेचे एक साहेब आले. दक्षिणेकडचे, एकटे, मराठी शून्य. रविवार आला की हे साहेब मोबाईलकडे बघत ओढ्याकाठाने आणि बांधाबांधाने फिरायचे. गावात बोलवा उठली की बँक कुणाची तरी जमीन जप्त करणार. मामांनी एका रविवारी त्यांचा माग काढला, तर साहेब एका बाभळीच्या ढोलीत डबा ठेवताना सापडले. पुढचं संभाषण मामांनी मला इतक्या वेळा ऐकवलं आहे की मी तिथे होते असंच वाटतं. "साब, डिब्बे में क्या हाय?" "कुछ नहीं मामाजी, एक कागज़ है।" "फिर रखते कायको?" "कोई ढूँढने आएगा।" मामा तिथेच बांधावर बसले. त्यांना एवढंच कळलं की आपण कुठेतरी एक डबा ठेवायचा, त्या जागेचे आकडे नेटवर टाकायचे, आणि कुणीतरी अनोळखी माणूस ते आकडे मोबाईलमध्ये घालून, वाट काढत तिथवर येतं. डब्यातल्या कागदावर नाव लिहितं, आतली एखादी वस्तू घेतं, एखादी ठेवतं आणि जातं. जगभर लोक हा खेळ खेळतात. खेळाचं इंग्रजी नाव मामांच्या जिभेवर कधीच बसलं नाही. पण बोलावणं न करता माणसं येतात, ही गोष्ट त्यांच्या मनात पक्की बसली.

साहेबांची बदली झाली. जाताना ते आपलं हातातलं जीपीएस यंत्र मामांना देऊन गेले. मामा त्यांना केडगावच्या स्टेशनवर सोडून आले आणि त्याच आठवड्यात त्यांनी "डबा-शोध मंडळ, राहू" स्थापन केलं. अध्यक्ष स्वतः. सेक्रेटरी मी, कारण मला नाही म्हणता आलं नाही. सभासदांत खुटबावचे लिंबूबागवाले आप्पा, तळेगावचा मोबाईल दुरुस्तीवाला सचिन, आणि इकडचेतिकडचे आणखी चार-पाच जण. मंडळासाठी सामानही जमलं: झाडावरचा डबा काढायला आकडी लावलेला बांबू, बारवेत उतरायला दोर, पाइपातला डबा ओढायला लोहचुंबक, उसाच्या कडेने जायला गमबूट आणि मोठी बॅटरी.

हे सामान कुठे ठेवायचं, यावर मामांनी जो नियम केला त्याला जगात तोड नसेल. एका घरी दोन वस्तू ठेवायच्या नाहीत. यंत्र राहूला, दोर खुटबावला, गमबूट तळेगावला. बॅटरी एकाकडे तर तिचे सेल दुसऱ्याकडे. आणि ज्याला हवं त्याने स्वतः जाऊन आणायचं, कुणाच्या हाती पाठवायचं नाही. मी वैतागून म्हटलं, "मामा, बॅटरी एका गावात आणि सेल दुसऱ्या गावात? ही काय पद्धत झाली?" "एका घरी ठिवलं तर एकाच घरी जाल," ते शांतपणे म्हणाले. वर मांडववाल्यांचा जुना रिवाज लावला की नेलेली वस्तू रिकामी परत द्यायची नाही. एका सुट्टीच्या दिवशी मी सकाळी डबा शोधायला निघाले ती आधी सामान गोळा करत फिरले. सचिनकडे चहा, खुटबावला आप्पांकडे आग्रहाचं जेवण, राहूला मामांकडे परत चहा. बूट, दोर आणि यंत्र एकत्र आले तेव्हा दिवस कलला होता, आणि उसात बिबट्या असल्याने मामांनीच मला पुढे जाऊ दिलं नाही. डबा राहिला बाजूला. त्या रात्री गमबूट उलटे केले तर आतून ओल्या भुईमुगाच्या शेंगा पडल्या. मी दिवसभर चिडले होते, तरी बऱ्याच दिवसांनी इतक्या माणसांशी बोलले होते हेही खरं.

वस्तू घ्यायची तर वस्तू ठेवायची, या नियमाने एकदा मोठा घोटाळा केला. आप्पांना डब्यात काय ठेवायचं ते सुचेना, म्हणून त्यांनी आपल्या बागेतलं लिंबू ठेवलं. त्याच डब्यात आधी कुणी सेफ्टी पिन टाकली होती आणि कुणी मुलाच्या मनगटातला काळा दोरा. हा डबा एका बाईंना बांधावर सापडला. लिंबू, पिन, काळा दोरा! तासाभरात अर्धं गाव गोळा झालं. करणी कुणी केली यावरून दोन भावकींत जुनी भांडणं उकरली जाऊ लागली. मामांना निरोप गेला. ते आले, पाण्याचा तांब्या मागितला, लिंबू पिळलं, "साखर हाय का कुणाकडं?" असं विचारलं आणि सगळ्यांसमोर घटाघटा सरबत प्यायले. मग बांधावर मांडी घालून बसले. गावही बसलं, हे कधी मरतात ते बघायला. बऱ्याच वेळाने एक म्हातारी म्हणाली, "न्हाई मरत ह्यो. च्या टाका." मामा सांगायचे की आयुष्यात इतकी माणसं त्यांच्याकडे एकटक बघत कधी बसली नव्हती. "बरं वाटलं," ते म्हणायचे. मी हसायचे. ते हसत नसत, हे माझ्या उशिरा ध्यानात आलं.

मग सचिनने एक सूचना मांडली. सूचना शहाणपणाची होती, तिला नावं ठेवायला जागा नाही. त्याच्या दुकानात एक लोखंडी कपाट रिकामं होतं. सगळं सामान तिथे ठेवायचं, ज्याला हवं त्याने ग्रुपवर आदल्या दिवशी लिहायचं, येऊन न्यायचं, आणून ठेवायचं. "पेट्रोल वाचंल, टाइम वाचंल, आन् बिबट्याच्या भीतीनं अंधार व्हायच्या आत घरी येता येईल," सचिन म्हणाला. सगळ्यांना पटलं. सगळ्यांत आधी हात वर झाला तो अध्यक्षांचा. स्वतः यंत्र पिशवीत घालून ते एसटीने तळेगावला आले आणि कपाटात ठेवून गेले.

मंडळ फार छान चालू लागलं. दर रविवारी डबे सापडू लागले, ग्रुपवर फोटो येऊ लागले. प्रत्येक फोटोखाली मामांचं ठरलेलं उत्तर असे, "जेवण झालं का?" त्याला कुणी अंगठ्याचं चित्र टाकी, कुणी काहीच नाही. राहूला जायचं आता कुणाला कारण उरलं नव्हतं. मलाही पेपर तपासायचे होते, मुलीच्या परीक्षा होत्या. एके दिवशी गेले तर मामा ओट्यावर खुर्चीत बसलेले, आणि आत शेगडीवर त्या हंड्यात चहा आटून काळा झालेला. "कोण येणार होतं का?" मी विचारलं. "यायचं काय ठरवून असतंय व्हय," ते म्हणाले. मला फार वाईट वाटलं. मी हंडा घासायला घेतला.

निघताना त्यांनी मला थांबवलं. म्हणाले, एक नवीन जागा नेटवर टाकायची आहे, आकडे सचिनकडून काढून आणलेत. मी मोबाईलमध्ये घातले, तर बाण आमच्यावरच येऊन थांबला.

"मामा, हा तर तुमचाच ओटा."

"व्हय."

"इथे डबा कुठे लपवलाय?"

"डबा कशाला? मी हाय की हितं."

खेळ चालवणाऱ्यांनी अर्थातच नकार कळवला. डबा असल्याशिवाय जागा धरता येत नाही. हे मी मामांना सांगितलं, पण त्यांनी मनाला लावून घेतलं नाही. खुर्चीखाली एक डबा ठेवला आणि म्हणाले, आता टाक. जागा मंजूर झाली. मामांनी ओटा सारवल्यासारखा स्वच्छ ठेवला, दुधाचा रतीब वाढवला आणि नवा सदरा घालून बसू लागले. मी रोज रात्री फोन करायचे. "आलं का कुणी?" "न्हाई अजून. यील की."

आणि मग खरंच कुणीतरी आलं. पुण्याचं एक तरुण जोडपं, गाडी लांब लावून. या खेळात मोठा मान असतो तो आजूबाजूच्या माणसाला पत्ता न लागू देता डबा काढण्याला, आणि ते दोघं त्यात तरबेज असावेत. मामांचा दुपारचा डोळा लागला होता. त्या दोघांनी खुर्चीखालून अलगद डबा काढला, कागदावर नावं लिहिली, पेपरमिंटच्या गोळ्या ठेवल्या, डबा परत सरकवला आणि गेले. संध्याकाळी नेटवर त्यांनी अभिमानाने लिहिलं की जागा मस्त आहे, वर एक आजोबा झोपले होते, त्यांना कळलंसुद्धा नाही.

मी हे मामांना फोनवर वाचून दाखवलं. ते म्हणाले, "आलं व्हतं तर. उठवायचं की मला. च्या तरी घेतला असता." आणि मग, जणू त्या पोरांची बाजू घेत, "दमून आली आसतील, घाई आसंल."

दुसऱ्या रविवारी मी गेले तेव्हा डबा खुर्चीच्या पायाला बांधलेला होता. सुंभाची दोरी आणि तिला मांडववाल्यांची गाठ, वावटळीत कनात उडू नये म्हणून मारतात तसली. मामा खुशीत होते. "आता कोन येतंय ते येऊ दे," ते म्हणाले, "ही सोडवायला हाक मारावीच लागती." तेव्हापासून अजून कुणी आलेलं नाही. मी मात्र दर रविवारी जाते. ती गाठ कशी सुटते ते मी त्यांच्या हाताकडे बघून शिकले आहे, दोन बोटांचं काम आहे. तरी मी ओट्यावर उकिडवी बसते, दोरीशी थोडी झटापट करते आणि आत हाक मारते, "मामा, सुटत नाही हो." आतून लगेच भांड्यांचा आवाज होतो. "आलो, आलो, थांब," ते म्हणतात, "जाऊ नगंस."