कोरांटीचं गाऱ्हाणं

देवाने झाडांना कान दिले असते, तर आमच्या तळमजल्यावरच्या काकांनी मुलुंडची निम्मी झाडं बहिरी करून सोडली असती. गिरणीतल्या साच्यांच्या खडखडाटात उभा जन्म गेलेला. काका कुजबुजले तरी ठाण्याला ऐकू जायचं! हा आवाज हळू व्हायचा तो एकाच ठिकाणी, इमारतीमागे कुंपणाच्या भिंतीलगत, जांभळ्या कोरांटीपाशी. तिथली सावली अशी गडद, की भर दुपारी मांजरं चाचपडत चालत. काकूंनी माहेराहून, वेंगुर्ल्याहून, आणलेली फांदी तिथे खोचली, "दिवाळीक फुलतली," म्हणाल्या, आणि त्याच पावसाळ्यात अचानक गेल्या.

तेव्हापासून काका तिला तांदळाचं धुवण घालत, गावच्या बातम्या सांगत. दूधवाल्याने एकदा शेजारी आरोळी ठोकली, तर अंगावर धावले, "हळू बोल मेल्या! सासुरवाडची असा ती, लाजता!" पण दोन दिवाळ्या गेल्या, नुसती पानंच पानं.

तिसऱ्या वर्षी दसरा झाला आणि आमच्या सेक्रेटरींचा स्कूटरचा नंबर लागला. बुकिंग केलं तेव्हा त्यांच्या डोक्यावर केस होते म्हणे. गाडी उन्हात तापू नये म्हणून त्यांना नेमकी तीच सावली हवी. रविवारी गवंडी आणि सिमेंट घेऊन हजर!

"काका, कुंडीत लावा ना यार!"

"मुळां हलली तर मरतली रे."

"झाडच ते! दुसरं आणू."

काकांनी वाद घातला नाही. चपला काढल्या, कोरांटीपुढे नारळ ठेवला आणि खड्या आवाजात गाऱ्हाणं सुरू केलं, "बा देवा म्हाराजा! जो कोण हिच्या मुळावर शिमीट घालूक इलो असात, तेची बुद्धी फिरव, आणि तेच्याच हातान हिका पाणी घालून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

हे म्हणाले कोण? सेक्रेटरी! माणूस कणकवलीचा. गाऱ्हाणं संपलं की हात जोडून 'व्हय' म्हणायचं, हे तोंडाला लहानपणापासूनचं वळण. गॅलऱ्यांतून हशा उसळला. गवंड्याने मुकाट्याने घमेलं उपडं घातलं.

"देवासमोर व्हय म्हटलंस, बाबा," काका म्हणाले. "आता?"

सेक्रेटरी लालबुंद होऊन गेले आणि बादली भरून घेऊन आले.

त्या दिवाळीत पहिल्या अंघोळीच्या सकाळी कोरांटी जांभळीगर्द फुलली. काकांनी एक फूल काकूंच्या फोटोला वाहिलं, एक स्कूटरच्या हँडलला खोचलं.

आता काका नाहीत. ती स्कूटर जन्मभर उन्हातच भाजली. दसरा उलटला की मागून बादलीचा आवाज येतो, आणि सेक्रेटरींचं पुटपुटणं, "औंदाही फुलव रे म्हाराजा."

मी वरच्या गॅलरीतून हात जोडतो आणि हळूच म्हणतो, "व्हय म्हाराजा."