गाडीचं दुखणं मालकाला

चाकूरच्या नाक्यावरचा आमचा मिस्त्री गाडीला हात लावायच्या आधी मालकाला कामाला लावतो. एकाचा टायर पंक्चर झाला, तर त्याची एक चप्पल काढून घेतली आणि त्याला बाजारापर्यंत चालवलं. म्हणतो, "गाडीला काय होतंय ते मालकाला कळल्याबिगर दुरुस्ती टिकत न्हाई."

परवा माझा ट्रक चढावर एकदम मेल्यासारखा झाला. नुसता काळा धूर, ओढ काहीच नाही. मळणीचं भुसकट आत जाऊ नये म्हणून मी इंजिनात हवा नेणाऱ्या पाइपाच्या तोंडाला खांद्यावरचा रुमाल बांधला होता. हवा खेचणाऱ्या टर्बोनं तोच आत ओढून घेतला होता.

तिथंच बोलावलेल्या मिस्त्रीनं रुमाल उपसून काढला, माझ्या नाकातोंडावर करकचून बांधला, पाठीवर सोयाबीनचं पोतं दिलं आणि म्हणाला, "चढा आता."

अर्ध्या चढावर मी खालीच बसलो.

"काय होतंय?" त्यानं खालून विचारलं.

"दम लागला!"

"मला कशाला सांगता? गाडीला सांगा!"

मी गाडीला सांगितलं.

तेव्हापासून ट्रक झकास चढतो. कालपासून उतारावर ब्रेक मात्र नीट लागत नाहीत. मिस्त्रीला मी अजून काही बोललेलो नाही.