बेहडाटोल्याची गोष्ट दिवसा सांगत नाहीत

५ डिसेंबर २०२३, मंगळवार. सकाळपासून आभाळ. मुन्नाच्या ऑटोने वसाहतीत गेले. अंजनाबाई भेटली, चहा झाला, गोष्ट झाली नाही. धानाच्या पुंजण्यांवर लोकांनी ताडपत्र्या टाकल्या आहेत. रविवारी तिचा सुकलू येऊन तिला बल्लारपूरला नेणार. परतताना उजवा गुडघा फार दुखला. रात्री मुगाची खिचडी.

एवढं लिहून सुमतीबाई कापगत्यांनी पेनाला टोपण लावलं आणि बराच वेळ तशाच बसून राहिल्या. उठायचं म्हणजे गुडघ्याची मनधरणी करावी लागे. घरात दुसरं कोणी नव्हतं. कापगते गुरुजी जाऊन नऊ वर्षं झाली होती आणि मुलगा पुण्याला होता. नागभीडच्या या घरात बोलायला माणूस नसला तरी सुमतीबाई रोज संध्याकाळी अर्धं पान लिहीत.

ही सवय नागपूरच्या सिस्टरांची. वडील रेल्वेत होते म्हणून पोरगी नॅरोगेजच्या छोट्या गाडीने नागपूरला कॉन्व्हेंटच्या बोर्डिंगात जाऊ शकली. तिथे एक सिस्टर सांगायच्या, "घडलं ते वहीत लिहा. वाटलं ते देवाला सांगा." सुमतीबाईंनी जन्मभर तेच केलं. पाऊस कधी आला, कोण येऊन गेलं, गुरुजींना ताप किती दिवस होता, सगळं होतं. काय वाटलं हे कुठेच नव्हतं.

लग्नानंतरची अकरा वर्षं त्यांनी बेहडाटोल्यात काढली. जंगलातलं गाव, गुरुजींची एकशिक्षकी शाळा आणि गावाच्या अंगाला एक वाकड्या पाळीचा तलाव. पुढे बदली झाली, नागभीडला घर झालं. मग जंगल राखायचं ठरलं आणि सोळा वर्षांपूर्वी सरकारने आख्खं गाव उचलून डांबरी रस्त्याच्या कडेला आणून बसवलं. घरं पक्की मिळाली, नळ मिळाला, शाळा मिळाली. फाट्यावरच्या फलकावर गावाचं नाव नव्हतं. 'पुनर्वसन वसाहत' एवढंच होतं.

या उन्हाळ्यात वसाहतीच्या शाळेतली मयुरी मॅडम सुमतीबाईंकडे आली होती. मुलांना तिने 'माझ्या गावाचा इतिहास' असा निबंध घातला, तर सगळ्यांनी एकच लिहिलं, आमच्या गावात नळ आहे, आमच्या गावात हायमास्ट लाइट आहे. "बाई, त्यांना दुसरं काही माहीतच नाही," मयुरी म्हणाली. "तुम्ही तिथे राहिलात. तुमच्याकडे वह्या आहेत म्हणतात. लिहून द्याल का काही? पोरांना वाचून दाखवीन."

सुमतीबाईंनी त्या अकरा वर्षांच्या वह्या माळ्यावरून उतरवून घेतल्या. चष्मा पुसून पुसून वाचल्या. 'पाऊस नाही.' 'शाळेत सात मुलं.' 'अंजनाबाईने मोहाची फुलं आणून दिली.' दिवसामागून दिवस नीट लावून ठेवलेले, पण त्यात गाव काही सापडेना. गाव कोणी बसवलं, तलावाची पाळ वाकडी काऊन, पहिलं घर कोणाचं, याबद्दल एक ओळ नाही. ते सगळं गोष्टीत होतं, आणि गोष्ट अंजनाबाईजवळ होती.

बेहडाटोल्यात रीत अशी. धान घरात आलं, नव्या तांदळाचा भात झाला, की त्या संध्याकाळी पहिल्या घरातलं जुनं माणूस गाव बसल्याची गोष्ट सांगे. लोक आपापल्या घरांच्या ओळीने बसत. सांगणारं माणूस घराघराने पुढे जाई आणि ज्या घराचं नाव निघे त्या घराने 'हूं' म्हणायचं. हूं आलं नाही तर गोष्ट तिथेच थांबे. वसाहतीत घरं चिठ्ठ्या टाकून वाटली. पहिलं घर गेलं शेवटच्या गल्लीत, शेवटचं आलं रस्त्यावर. पहिल्या वर्षी लोक बसले, पण कोण कोणाच्या शेजारी बसावं हेच कळेना. दोनदा वाद झाला, पहिल्या घरातली अंजनाबाई उठून गेली आणि पुन्हा कोणी बसलं नाही.

आता तिचं वय झालं होतं. थोरला मुलगा डोमा वसाहतीत, धाकटा सुकलू बल्लारपूरच्या कागद कारखान्यात. म्हातारीला सांभाळायची पाळी आता सुकलूची होती. बल्लारपूरच्या दोन खोल्यांत बेहडाटोल्याच्या गोष्टीला हूं म्हणणारं कोण असणार?

शुक्रवारी सुमतीबाई परत निघाल्या. मुन्नाने ऑटोत बसवताना हात दिला आणि म्हणाला, "बाई, तिसरा फेरा आहे हा. इतक्यात तर माणूस अजमेरला जाऊन येते."

"चौथा," सुमतीबाई म्हणाल्या.

मुन्ना पंचेचाळिशीचा, पोट सुटलेला, बोलघेवडा. पण पाच वाजले की त्याची जीभ थांबायची आणि हात चावीकडे जायचा. अंधार पडल्यावर त्या रस्त्यावर वाघाचं राज्य. गेल्या महिन्यात पुलाजवळ एका बाईला नेलं होतं. त्यामुळे जायचं ते दिवसा, यायचं ते दिवसा. आणि अडचण नेमकी तिथेच होती.

अंजनाबाई अंगणात बाजेवर बसली होती. समोर सुपात निवडायला लाखोळीची डाळ. जवळ दोन नातवंडं खेळत होती आणि तिची सून शकुबाई पाण्याचा हंडा घेऊन उभी होती.

"आली व मास्तरीन?" अंजनाबाई हसली. "तुया गुडघ्याले कटाळा नाई येत काय?"

"येतो. पण रविवारी तू जाशील ना."

"जाईन. नेलं तर जा लागते."

"मग आज सांग गोष्ट."

अंजनाबाईने शकुबाईकडे पाहिलं. शकुबाईने हंडा खाली ठेवला.

"दिवसा नाई सांगाची, मास्तरीनबाई," शकुबाई म्हणाली. "दिवसा गोष्ट सांगतली का ऐकणाऱ्याचा मामा वाट चुकते. मागच्या साली बुढीनं दुपारी पोट्ट्याईले कोल्ह्याची गोष्ट सांगतली, त्याच दिवशी माया भाऊ विक्की कोळशाचा टिप्पर घेऊन नाल्यात. त्याच रस्त्यानं धा वर्षं जाऊन राह्यला तो!"

"दारू पिऊन होता," अंजनाबाई सुपातून मान वर न करता म्हणाली.

"दारू तं रोजच पिते. नाल्यात त्याच दिवशी काऊन गेला?"

सुमतीबाई थकून म्हणाल्या, "शकुबाई, मला मामा नाही. तीन होते, तिघंही गेले. आता ते कुठे चुकणार?"

"तुमाले नाई. पण माया पोट्ट्याईले आहे ना."

"पोट्ट्यांना शेजारी पाठव."

"अन् त्याले?" शकुबाईने मुन्नाकडे बोट केलं.

मुन्ना ऑटोत टेकून ऐकत होता. तो झटकन उतरला. "भाभी, मी जाऊन राह्यलो. मले तीन मामा. एक चुकला तं चालून जाईल, तिन्ही चुकले तं अम्मी मले घरात घेणार नाई." आणि तो खरंच बिडी शोधत पाणपोईकडे निघून गेला.

पोरंही गेली. अंगण रिकामं झालं. सुमतीबाईंनी वही काढली. अंजनाबाईने सूप बाजूला केलं, डोळे मिटले, तोंड उघडलं आणि परत मिटलं.

"नाई व येत."

"काय झालं?"

"दिवसा नाई आठवत मले. खोटं नाई सांगत. उजेडात हे समोरचं दिसते, शेजाऱ्याची मोटार, नळ. गाव कुठून दिसल?" तिने पदराने डोळे पुसले. त्यात पाणी होतं की म्हातारपणाचा चिकटा, ते कळत नव्हतं. "संध्याकाळी थांब म्हटलं तं तू थांबत नाई."

सुमतीबाई थांबू शकत नव्हत्या. रात्रीची इन्सुलिनची सुई फ्रिजमध्ये, आणि या वयात दुसऱ्याच्या घरी रात्री उठायचं म्हणजे दोन माणसं जागी करायची. त्या वहीच्या कोऱ्या पानाकडे पाहत राहिल्या. मग त्यांना इतकं थकल्यासारखं वाटलं की त्या थकव्यातच तोंडून निघून गेलं, "मग तू चल माझ्याकडे."

"कुठी?"

"नागभीडला. आज रात्र राहा. उद्या मुन्ना आणून सोडेल."

शकुबाई हसायला लागली. "बुढी आपल्या बाजीशिवाय नाई झोपत."

"बाज ऑटोवर बांधू," सुमतीबाई म्हणाल्या.

"तिथी वाघ येते काय?" अंजनाबाईने विचारलं.

"नाही."

"डुक्कर?"

"डुकरं आहेत. गावातली."

"तेवढं चालते." म्हातारी उठली. "शकू, माया लुगडा दे धुतला."

मुन्नाने बाज ऑटोच्या टपावर उलटी बांधली. चार पाय आभाळाकडे. वसाहतीतली माणसं दारात येऊन पाहू लागली. "बुढीले घेऊन चालले काय बाई?" कोणीतरी ओरडलं. "उद्या आणून देतो," मुन्ना ओरडला, "डिपॉझिट नाई ठेवलं!"

नागभीडला पोचेपर्यंत दिवे लागले होते. सुमतीबाईंनी भात टाकला, वरण टाकलं, सुई घेतली. अंजनाबाईने घर पाहिलं, टीव्हीकडे पाहिलं आणि म्हणाली, "हा दिवा मालव. मोठा आहे लय." सुमतीबाईंनी ट्यूब बंद केली, देवघरातला छोटा दिवा तेवढा ठेवला. त्या उजेडात वही दिसत होती, अक्षर अंधूक दिसत होतं. त्यांचा फोन बटणांचा होता. त्यात बोलणं भरून ठेवता येत नसे, आणि येत असतं तरी त्यांना जमलं नसतं. पेन होतं. पेनावर त्यांचा भरवसा होता.

"जंगू होता," अंजनाबाईने सुरू केलं. आवाज निराळाच होता, खालच्या पट्टीतला, न थांबणारा. "जंगूजवळ आंधळी म्हैस होती."

सुमतीबाई लिहू लागल्या. 'जंगूजवळ आंधळी'

आवाज थांबला. त्यांनी वर पाहिलं. अंजनाबाई वाट पाहत होती.

"हूं," सुमतीबाई म्हणाल्या.

"म्हैस पाणी शोधत गेली, तिच्या मागं जंगू गेला."

सुमतीबाईंनी 'म्हैस' लिहिलं. आवाज पुन्हा थांबला.

"मास्तरीन, तू लिहून राह्यली का ऐकून राह्यली?"

"दोन्ही."

"दोन्ही नाई होत. तू खाली पाह्यते तवा हूं उशिरा येते. अन् उशिरा आली का मी वाट चुकते. मग मामा काय करल?"

सुमतीबाईंनी पेन हातात धरून ठेवलं. पंचावन्न वर्षं जे घडलं ते त्याच दिवशी लिहिलं होतं. आता हे लिहिलं नाही तर उरेल का? आपल्याला काल काय भाजी केली ते आठवत नाही. पण लिहीत बसलं तर म्हातारी पुढे जाणार नव्हती, आणि परवा रविवार होता. त्यांनी वही मिटली, पेन वहीवर ठेवलं आणि पाय पलंगावर घेऊन बसल्या.

"हूं," त्या म्हणाल्या.

मग गोष्ट सुटली. आंधळ्या म्हशीच्या पायाखाली चिखल लागला. जंगूने मुखरू कोहळ्याला बोलावलं, कारण तलाव बांधावा तर कोहळी जातीच्या माणसानेच. मुखरू म्हणाला, पाळ सरळ टाकू. जंगू म्हणाला, म्हैस गेली तशी टाक, पाणी तिले कळते, तुले नाई. म्हैस वाकडी गेली होती म्हणून पाळ वाकडी. मग मातीची पहिली टोपली कोणी टाकली, दुसरी कोणी, ज्याने टोपली टाकली त्याचं घर त्या ओळीने. एकेक घर येत गेलं आणि सुमतीबाई एकेका घराच्या वतीने हूं म्हणत गेल्या. गोंडांच्या, कोहळ्यांच्या, ढिवराच्या, लोहाराच्या, आणि एका पिंजाऱ्याच्याही. हे घर तिथे कधीकाळी होतं हे त्यांना अकरा वर्षांत कळलं नव्हतं. शेवटच्या घराला त्यांचा आवाज घोगरा झाला होता.

अंजनाबाई आडवी झाली. सुमतीबाईंना वाटलं, झोपली.

"आता तू सांग," बाजेवरून आवाज आला. "मी हूं म्हणते."

"आत्ता?"

"मंग कवा? बल्लारपुराले येशील?"

सुमतीबाईंनी सुरू केलं. जंगूजवळ आंधळी म्हैस होती. हूं. म्हशीमागे जंगू गेला. हूं. पाळ वाकडी झाली. हूं. पहिली टोपली जंगूची. हूं. दुसरी मुखरूची. हूं. तिसरी लोहाराची.

काहीच आलं नाही. खोलीत फ्रिजची घरघर.

सुमतीबाई अडखळल्या. लोहार नाही, मग कोण? त्यांनी डोळे मिटले. पाळीवर उभी असलेली माणसं दिसायला लागली. तिसरा ओला होता. जाळं खांद्यावर.

"तिसरी ढिवराची," त्या म्हणाल्या.

"हूं."

दोनदा आणखी चूक झाली, दोनदा आणखी हूं अडलं. पिंजाऱ्याच्या घराला त्या पुष्कळ वेळ थांबल्या, पण ते त्यांनी स्वतःच काढलं. शेवटच्या घराचं हूं आलं तेव्हा ते झोपेतलंच होतं, पण आलं.

नऊ वाजायच्या आत म्हातारी घोरू लागली. सुमतीबाईंनी ट्यूब लावली नाही. वही उघडली. मंगळवारपर्यंत गोष्ट लिहून मयुरीला द्यायची, हे त्यांनी ठरवलं. पण ते उद्या. आज हातात जोर नव्हता. त्यांनी तारीख घातली आणि लिहिलं:

८ डिसेंबर, शुक्रवार. अंजनाबाई मुक्कामाला. तिला गुरुजींची जाड गोधडी दिली. दूध संपलं, सकाळी अर्धा लिटर जास्त सांगायचं.