उत्तर पन्नास, गणित तुझं

नव्वदच्या दशकात माझी पहिली नेमणूक कळस गावाजवळच्या एका वस्तीवरच्या शाळेत झाली. दोन खोल्या, दोन शिक्षक. पहिली-दुसरी माझ्याकडे, तिसरी-चौथी मोठ्या गुरुजींकडे.

दुसरीत एक मुलगी होती. मी फळ्यावर बेरीज लिहून खडू खाली ठेवेपर्यंत तिचं उत्तर तयार असायचं. मग ती शेजारच्या मैत्रिणीला उत्तर सांगायची, नंतर पुढच्या ओळीला. दटावलं की झग्याची शिवण उसवत बसायची.

गुरुजी म्हणाले, "गणिताच्या तासाला पाठवा तिला माझ्याकडं, चौथीत."

ती गेली. गणितं बरोबरही आली. पण मधल्या सुट्टीत माझा पदर धरून म्हणाली, "बाई, मला परत तितं न्हाय जायचं."

"का गं? अवघड वाटलं?"

"न्हाय. पर तितं माझ्याशी कोणच बोलत न्हाय."

मग तिला मैत्रिणीशेजारीच बसू दिलं आणि गणित बदललं. बाकीच्यांना नेहमीच्या बेरजा दिल्या, तिच्या पाटीवर लिहिलं, 'उत्तर पन्नास. गणित तू तयार कर.' ती कितीतरी वेळ पाटीकडे बघत राहिली. त्या वर्गात तिला पहिल्यांदाच विचार करताना पाहिलं आणि मला फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी तिचे वडील मेंढरं बाहेर थांबवून दारात उभे. "बाई, पोरीचं काय चुकलं का? सगळ्यांना येक गणित आन् हिला दुसरंच. शिक्षा हाय का ही?"

"शिक्षा नाही हो. तिला सोपं लवकर येतं, म्हणून जरा अवघड देते."

"मग द्या की. घरी आमचं डोकं खाती, पाय मोजा म्हनती."

पाय कुठले, ते तासाला कळलं. तिचं गणित होतं: 'आमच्याकडं शेळ्या आन् कोंबड्या. पाय पन्नास. शेळ्या किती?' मी ते चौथीच्या फळ्यावर लिहिलं. एकाने सांगितलं, दहा शेळ्या, पाच कोंबड्या. दुसरा म्हणाला, बारा शेळ्या, एक कोंबडी. दोघंही बरोबर निघाले आणि भांडण जुंपलं. गुरुजींनी तिला बोलावून विचारलं, "खरं उत्तर कुठलं?"

"दोन्ही. आमच्या घरी जाऊन मोजा," ती म्हणाली. गुरुजी पोट धरून हसले. मधल्या सुट्टीत चौथीच्या मुली तिला आपल्यात खेळायला घेऊन गेल्या.

त्यानंतर दुसरीतली बाकीची पोरंही मागे लागली, "आमाला पण आमचं गणित." तिच्या मैत्रिणीला बेरजेत हातचा जमत नव्हता. तिला मी चिंचोके दिले, दहाची एक ढिगली करायला शिकवलं. महिनाभरात ती चिंचोके बाजूला सारून बेरजा करू लागली.

मला मात्र रोज संध्याकाळी तीन तऱ्हेची गणितं काढत बसावं लागायचं. पुढे सुप्याकडे बदली झाली, तिथेही ती सवय सुटली नाही.